चिठोरे

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे पुस्तकांना ऊन दाखवायचा कार्यक्रम असतो. गच्चीवर जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर पुस्तकं पालथी मांडायची, मग एकेक उचलून कण्याला धरून झटकायचं. इतरांच्या पुस्तकांतून धूळ पडते, क्वचित एखादी झुरळाची अंडी. माझ्या पुस्तकांतून चिठोरे पडतात. एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकांचे कापलेले कोपरे, आणि बँकेतल्या तेहतीस वर्षांची खूण म्हणून पैसे काढायच्या पाठकोऱ्या स्लिपा. प्रत्येकावर बारीक अक्षरात काहीतरी टिपलेलं. बायको ते सुपात गोळा करते आणि म्हणते, "अहो, हे तुमचं या वर्षीचं पीक." पीक म्हणायला हरकत नाही. आमच्या गावच्या बाजारपेठेचा इतिहास लिहायचा असं मी ठरवलं त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मालमसाला भरपूर जमला आहे. पहिलं वाक्य तेवढं ठरायचं आहे.

अशा वेळी मला लॉर्ड ॲक्टनची आठवण येते. ती आठवण हा माझा खासगी धीर आहे. नैवेद्याच्या वाटीसारखा मी तो झाकून ठेवतो, उगाच कुणाला दाखवत नाही. ॲक्टनचं एक वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. सत्ता माणसाला बिघडवते आणि अनिर्बंध सत्ता पुरतं बिघडवते, या अर्थाचं ते वाक्य निवडणुका आल्या की अग्रलेखांतून मोहरासारखं फुलतं. पण ते ज्या माणसाचं, तो युरोपातल्या विचारांचा आणि राजकारणाचा आपल्या काळातला सर्वांत मोठा जाणकार म्हणून ओळखला गेला आणि त्याने जन्मभरात एकही ग्रंथ लिहिला नाही, हे अग्रलेखांत येत नाही. ते वाक्यही ग्रंथातलं नव्हेच. १८८७ साली मँडेल क्रायटन या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रातलं आहे. या पत्रामागची गंमत अशी की क्रायटन अँग्लिकन पंथाचा धर्मगुरू आणि ॲक्टन पक्का कॅथलिक. क्रायटनने पोपांचा इतिहास लिहिला, आणि ॲक्टनची तक्रार काय, तर तू आमच्या पोपांशी फार मऊपणाने वागलास! सुनेने सासूची बाजू घ्यावी आणि सासूच्या मुलाने त्यावरून रागवावं, तसला हा प्रकार. शिवाय मूळ वाक्यात सत्तेचा बिघडवण्याकडे 'कल' असतो, एवढंच म्हटलं आहे. तो कल आपण वाटेत कुठेतरी सांडला. ॲक्टनला त्याचं वाईट वाटलं असतं. एकेक शब्द तोलून वापरणारा माणूस; तोलता तोलताच त्याचा दिवस मावळला.

जन्म १८३४ चा, नेपल्सचा. बाप इंग्रज सरदार, आई जर्मन सरदारघराण्यातली. तीन वर्षांचा असताना बाप गेला, आणि आईने पुढे ज्याच्याशी लग्न केलं तो लॉर्ड ग्रॅनव्हिल इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री झाला. पुढे मोठेपणी ॲक्टन आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावर मुलांशी इंग्रजीत, बायकोशी जर्मनमध्ये, मेहुणीशी फ्रेंचमध्ये आणि सासूशी इटालियनमध्ये बोलत असे म्हणतात. मीठ पुढे करायला सांगताना त्याचा कधी गोंधळ उडाला का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही; मला मात्र तेच जाणून घ्यायचं आहे. सोळाव्या वर्षी तो केंब्रिजला शिकायला निघाला, तर कॅथलिक म्हणून तीन कॉलेजांनी त्याला दारातून परत पाठवलं. मग तो म्युनिकला गेला आणि डोलिंगर नावाच्या विद्वान धर्मगुरूच्या घरीच राहून शिकला. आपल्याकडे पूर्वी वेदशास्त्र शिकायला पोरं गुरूघरी राहायची, तसंच. गुरूने त्याला मूळ कागदपत्रांची गोडी लावली. ही गोडी म्हणजे काय, ते राजवाड्यांच्या महाराष्ट्राला सांगायला नको. जुन्या दफ्तरांच्या मागे गावोगाव पायपीट करणारे इतिहासाचार्य आपण पाहिले आहेत. पण राजवाड्यांनी निदान बावीस खंड काढले, आणि त्यांना ग्रंथाएवढ्या प्रस्तावना जोडल्या. ॲक्टन कागदपत्रांच्या रानात शिरला तो आत आतच जात राहिला.

मधल्या काळात त्याने राजकारणही केलं. ते एका परिच्छेदापुरतंच होतं. आयर्लंडमधल्या कार्लोकडून तो सहा वर्षं पार्लमेंटात बसला आणि बोलला फारच थोडं. १८६५ साली ब्रिजनॉर्थमधून अवघ्या एका मताने निवडून आला. पुढल्या वर्षी मतांची फेरतपासणी झाली आणि तेही मत गेलं. पंतप्रधान ग्लॅडस्टनने मग त्याला लॉर्ड केलं. ग्लॅडस्टन सगळ्यांना भारून टाकतो पण ग्लॅडस्टनला भारून टाकतो तो ॲक्टन, असं त्या काळी म्हटलं जाई. १८७० च्या सुमाराला रोममध्ये पोप कधी चुकत नाही असा ठराव व्हायचा होता, तेव्हा हा तिथे ठाण मांडून विरोधकांची मोट बांधत बसला होता. ठराव झाला. गुरू डोलिंगर धर्माबाहेर घातले गेले, शिष्य काठावर राहिला. त्या हिवाळ्याने त्याच्या मनात काय मोडलं असेल, हे त्याच्या चिठोऱ्यांनाच ठाऊक.

आता चिठोऱ्यांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. ॲक्टनला लिहायचा होता स्वातंत्र्याचा इतिहास. एखाद्या देशाच्या नव्हे, मुळात स्वातंत्र्य या कल्पनेचाच. माणसाच्या मनात ती कुठे अंकुरली, कुणी तुडवली, कुणी पाणी घातलं, त्या सगळ्याचा. १८७७ साली ब्रिजनॉर्थमध्येच त्याने या विषयावर दोन व्याख्यानं दिली: एक प्राचीन काळाचं, एक ख्रिस्ती काळाचं. ज्या गावाने त्याला एका मताने निवडलं आणि फेरतपासणीत घालवलं, त्याच गावाला त्या ग्रंथाचा एवढा वास तरी मिळाला. बाकी जगासाठी तो शेवटपर्यंत शिजतच राहिला. श्रॉपशरमधल्या ॲल्डनहॅम इथल्या घरात पुस्तकं साठत गेली, सुमारे ६०,००० झाली. तो ती वाचायचा; समासात पेन्सिलीने बारीक रेघ, पानांत कागदाची पट्टी. नुसतं गोळा करून ठेवणाऱ्यांना मी ओळखतो, त्यांच्यातला हा नव्हता. वाचून झाल्याशिवाय लिहायचं नाही, असा त्याचा नेम होता, आणि युरोपातले छापखाने तर रात्रंदिवस चालू होते. नदी वाहून संपली की मग पलीकडे जाऊ, म्हणून काठावर बसलेला वाटसरू डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच, की या वाटसरूला नदीतला प्रत्येक मासा नावानिशी ठाऊक होता.

त्याच्या मृत्यूनंतर चार्ल्स ओमन नावाचे ऑक्सफर्डचे इतिहासकार ते ग्रंथालय बघायला गेले. तिथे त्यांना हजारो खणांची कपाटं दिसली आणि प्रत्येक खणात पांढरे चिठोरे, विषयवार लावलेले. ते कशासाठी टिपले, हे टिपणाऱ्याशिवाय कुणाला लागू नये अशा खुणांत. एका खणात मुक्या जनावरांविषयी माणसाला वाटलेल्या मायेचे दाखले होते, होमरमधल्या म्हाताऱ्या कुत्र्यापासून. आणि एका खणात, वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसताच बसलो, जगातल्या सगळ्या वाङ्मयांत सावत्र आयांना घातलेल्या शिव्या! स्वातंत्र्याच्या इतिहासात सावत्र आई कुठून आली? ओमनना तो देखावा विद्येच्या व्यर्थपणाचा वाटला. ते ऑक्सफर्डचे प्राध्यापक, त्यांना तसं वाटणारच. बँकेतल्या माणसाला तसं वाटत नाही. जुळत नाही म्हणून कुठलीही नोंद टाकून द्यायची नसते. ती 'सस्पेन्स' खात्यात ठेवतात, कधीतरी तिची जोडनोंद सापडते. आणि मला तर वाटतं, ज्याला सावत्र आई नव्हती, सावत्र बाप होता आणि तोही चांगला होता, अशा माणसाने हा खण भरावा यात काहीतरी कोवळं आहे. भरल्या घरातल्या मुलाला भुताच्या गोष्टी हव्या असतात, तसं.

आपलं पुस्तक होणार नाही हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चाळिशीच्या आत मोठा ग्रंथ झाला नाही तर हा कधीच लिहिणार नाही, असं भाकीत डोलिंगरगुरुजींनीच करून ठेवलं होतं. हेन्री जेम्सची एक गोष्ट आहे: एक चित्रकार जन्मभर एका मॅडोनाच्या चित्राची तयारी करतो आणि शेवटी त्याच्यामागे कोरा कॅनव्हास उरतो. ॲक्टन आपल्या ग्रंथाला त्या गोष्टीच्या नावाने, म्हणजे 'भविष्यातली मॅडोना' म्हणून हाक मारायचा. जो आपल्या अपयशाचं असं लाडकं नाव ठेवतो, त्याला कीव नको असते, शेजारी खुर्ची ओढून बसणारा कुणीतरी हवा असतो. तसे इतिहासकार जेम्स ब्राइस एकदा बसले होते. फ्रान्समधल्या कान या गावच्या घरी, मध्यरात्री, ग्रंथालयात. स्वातंत्र्याचा इतिहास कसा लिहिता येईल, ते ॲक्टनने त्यांना सांगितलं. सहा-सात मिनिटं. ब्राइस वीस वर्षांनीही ती मिनिटं विसरले नव्हते. पण त्यांचं लिहिणं वाचलं की कळतं, तो काय बोलला यापेक्षा कसा बोलला हेच त्यांच्या मनात उरलं. वळवाच्या रात्री घाटात वीज चमकते, क्षणभर खालची सगळी दरी, शेतं, देऊळ, नदीचं वळण दिसतं, आणि मग अंधार. शेजारच्याने विचारलं, काय दिसलं? तर सांगता येतं एवढंच, की दिसलं.

१८९० मध्ये त्याच्यावर पैशाची अडचण आली आणि ग्रंथालय विकायची वेळ आली. तेव्हा ग्लॅडस्टनच्या खटपटीने अमेरिकेतल्या अँड्र्यू कार्नेगीने ते सगळं विकत घेतलं आणि जिथल्या तिथे राहू दिलं: वापरा, तुमच्या हयातीत तुमचंच. तारणावर कर्ज देताना आम्ही सतरा सह्या घेत होतो. असा सावकार मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. १८९५ साली केंब्रिजने ॲक्टनला आधुनिक इतिहासाचा रीजियस प्रोफेसर म्हणून बोलावलं, आणि जिथे पंचेचाळीस वर्षांपूर्वी दार लागलं होतं तिथेच सन्मानाने आत घेतलं. पहिल्याच व्याख्यानात त्याने ती तीन नकारांची गोष्ट सांगितली, रागाशिवाय. ते व्याख्यान छापलं तेव्हा त्याला शंभराहून अधिक टिपा जोडलेल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेल्या माणसाने बरोबर सगळी भांडी आणावीत, तशा. मग केंब्रिजच्या मोठ्या आधुनिक इतिहासाची आखणी त्याच्याकडे आली: बारा खंड, अनेक हात. वॉटर्लूची लढाई अशी लिहा की फ्रेंच, इंग्रज, जर्मन, डच सगळ्यांना पटावी, असं त्याने लेखकांना कळवलं. इतरांना पत्रं गेली, प्रकरणं वाटली गेली. पहिलं प्रकरण तेवढं त्याने स्वतःसाठी ठेवलं होतं. ते आलं नाही. १९०२ च्या जूनमध्ये बव्हेरियातल्या टेगर्नझे इथे तो गेला, आणि पहिला खंड त्याच वर्षी, त्याच्या मागे, त्या प्रकरणाशिवाय निघाला. विद्यार्थ्यांनी मग त्याची व्याख्यानं गोळा करून ग्रंथ काढले. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर शेल्फभर पुस्तकं उभी राहिली.

कार्नेगीने ग्रंथालय आपल्या मित्राला, जॉन मोर्लीला दिलं, मोर्लीने केंब्रिजला. तिथे ते आहे. त्या समासांतल्या रेघांवरून बोट फिरवणारे अभ्यासक अजून येतात. मी जाणार नाही, माझे गुडघे आता गच्चीच्या जिन्याएवढेच चालतात. पण वाटतं, एखादं पुस्तक उघडावं आणि आतली पट्टी निघावी, कोरी. काही न लिहिता नुसतीच ठेवलेली. इथे कुणीतरी थांबला होता, एवढंच सांगणारी.

ऊन उतरायला लागलं. बायकोने सूप पुढे केलं. सगळ्यात वर एक पिवळी स्लिप होती: 'पान २१४ पाहणे. अत्यंत महत्त्वाचे.' खाली दोन रेघा. अक्षर माझंच, पण पुस्तक कोणतं? लुगड्यावर पन्नासेक पुस्तकं पालथी पडली होती, ती निरागसपणे आपापली पाठ शेकत होती.

"टाकू का?" तिने विचारलं.

हाताला लागलं ते पहिलं पुस्तक मी उचललं आणि दोनशे चौदावं पान काढलं. तिथे एक प्रकरण संपलं होतं आणि खालचं अर्धं पान कोरं होतं. मी ती स्लिप तिथे ठेवली, पुस्तक मिटलं आणि खाली आलो.