काळ्या आईस अनावृत पत्र

ती. काळी आई हिच्या सेवेशी,
मुक्काम: आमच्या जोत्याच्या खाली, जळगाव

विषय: घर घेऊन झाल्यावर केलेल्या तपासणीबाबत.
संदर्भ: हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर आपण काढलेली तिरकी रेघ.



तुझा अहवाल मिळाला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून बीमकडे तिरकी गेलेली ती रेघ. मे महिन्यात तीत रुपयाचं नाणं उभं जातं, श्रावणात पोस्टकार्डही जात नाही. पुढच्या दाराची कडी उन्हाळ्यात कोयंड्याच्या दोन सूत खाली उतरते, दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. दोन-चार चांगले पाऊस झाले की आपसूक जागेवर येते. इतका नेमाने शेरा मारणारा अधिकारी मी सरकारात पाहिला नाही. तक्रार एवढीच, की तू आलीस ती खरेदीखत झाल्यावर.

आम्ही तपासणी केलीच नव्हती असं समजू नकोस. रिसेलचं घर, 2018 साली गणपतीच्या दिवसांत पाहिलं. सासऱ्यांनी एकूण एक फरशी बोटाच्या पेरानं वाजवली. दोन पोकळ निघाल्या, त्यावर दहा हजार तोडले. मेहुण्यानं सगळे नळ एकदम सोडून पाहिले. वास्तुवाले होकायंत्र घेऊन आले, ईशान्येला संडास नाही म्हणून प्रसन्न झाले आणि ओटा अर्धा फूट सरकवायला सांगून गेले. बँकेचा व्हॅल्युअर टेप घेऊन आला. चहा उकळेपर्यंत त्याची मोजणी संपली होती. वकिलानं तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट दिला, वारस नोंद कधी लागली, बोजा कधी उतरला, सगळं त्यात. पाच माणसं तपासून गेली आणि पाचांपैकी एकानंही पायाखाली पाहिलं नाही. भिंतीला ताजा रंग होता. खिडकीच्या कोपऱ्याशी बालाजीची भली मोठी तसबीर होती. मालक भाविक दिसतात, असं आमची ही म्हणाली.

आता कळतं की तुझं नाव फाइलीत होतंच. बिनशेती होण्याआधीचा जुना सातबारा वकिलाच्या कागदांत लावलेला होता. सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. सात आम्ही दहादा वाचला, चष्मा पुसून वाचला. बाराकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण आम्हाला कुठं शेती करायची होती! त्या रकान्यात तलाठी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आला होता: कापूस. मध्ये एखाद्या साली ज्वारी. कापूस कसल्या जमिनीत येतो हे खानदेशात शाळेतलं पोरही सांगेल. धोक्याचा अहवाल म्हणतात तो हाच, आणि ऑनलाइन सातबारा आज पंधरा रुपयांत निघतो.

आमच्या आज्याला तोही लागला नसता. त्याच्या बोलण्यात गावच्या जमिनीचे दोनच भाग होते, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. पारोळ्याकडच्या आमच्या गावात धाब्याची घरं सगळी पांढरीच्या उंचवट्यावर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, भिंत लिंपायची, झालं. घर पडलं तर त्याच मातीवर पुन्हा उभं करायचं, म्हणून पांढर दर पिढीला थोडी उंच होत गेली. गिरणाकाठचं बहाळ घे, तापीकाठचं प्रकाशं घे. उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनचे थर एकाखाली एक निघाले. जागा कोणीतरी एकदा नीट पाहिली होती, पुढच्यांनी ती बदलली नाही. आम्ही मात्र पांढर मोकळी टाकून तुझ्या उरावर कॉलन्या बांधल्या, नावं दिली शिवकृपा आणि गुरुकृपा, आणि भिंत तडकली की सिमेंटला शिव्या देतो.

भेग दाखवायला मी एक मिस्तरी बोलावला होता. धुळ्याकडचा, म्हातारा. त्यानं भेगेला हात लावला नाही. बाहेर जाऊन भिंतीच्या कडेनं उकिडवा बसला, एक ढेकूळ फोडलं, बोटांत चुरलं आणि म्हणाला, "हाई जमीन जित्ती शे, भाऊ." लांबी भरायचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, भरली तर जूनमध्ये बाहेर ढकलून देईल.

खात्री म्हणून चुलतभावाकडे तुझं मूठभर ढेकूळ नेलं. तो सिव्हिलला शिकवतो. तुला वाळवून, बारीक चाळून त्यानं दहा-दहा ग्रॅम दोन काचनळ्यांत टाकलं. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये तू फुगत नाहीस म्हणे. एक दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत तू अकराच्या खुणेवर गुमान बसली होतीस आणि पाण्याच्या नळीत अठरावर. म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त फुगवटा. पन्नासच्या वर गेलं की आम्ही पाया वेगळा सांगतो, तो म्हणाला. दोन नळ्या, वाटीभर रॉकेल आणि एक दिवस. वास्तुवाल्यांची दक्षिणा याहून जड पडली होती.

वेगळा पाया म्हणजे काय तेही त्यानं कागदावर काढून दाखवलं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रूढ केलेले अंडर-रीम्ड पाइल: खाली बुडाशी भोपळ्यासारखा फुगीर खांब, साडेतीन मीटरच्या आसपास खोल, जिथं तुला ऋतू कळत नाहीत. किंवा आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांची रीत: तुझ्यावर न फुगणाऱ्या चिकट मातीचा, मुरुमाचा, जाड थर ठोकून बसवायचा, म्हणजे तुझं उसळणं वरच्यापर्यंत पोचत नाही. आमच्या घराखाली काय आहे, असं मी मूळच्या बांधकामवाल्याला फोनवर विचारलं. "मुरूम टाकेल आहे ना भो, दोन ट्रॅक्टर," तो म्हणाला. रेराचं नाव काढलं तर हसला. रेरात बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं, पण आमची स्कीम सात घरांची. आठांपर्यंत नोंदणीच लागत नाही.

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. त्यानं तिकडे घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं सहा धोक्यांचा छापील कागद सहीनिशी दिला: पूर, धरण फुटलं तर येणारं पाणी, वणव्याचे दोन पट्टे, भूकंपाचे दोन. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे असा कायदा नाही. भाऊबंदातले वकील म्हणाले, आहे की! 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 55. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगायचा असतो. मी बालाजीच्या तसबिरीची गोष्ट सांगितली. वकील म्हणाले, तसबीर उचलून पाहणं साध्या काळजीत येतं की नाही, यावर दहा वर्षं केस चालेल.

धुळ्याचे साडू तुझ्यापुरते निवांत आहेत, पण त्यांच्या मागे पांझरा आहे. 1872 च्या पुरात तिनं धुळ्याची कितीतरी घरं खराब केली. आता जलसंपदा खातं नकाशावर निळी रेघ ओढून देतं, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेघ, शंभर वर्षांतून एकदाची. नदीकाठचा फ्लॅट पाहताना साडूंनी तो नकाशा मागितला तर एजंट म्हणाला, "दादा, शंभर वर्षं कोण जगतं?" ते फ्लॅट न घेता परतले. मेहुणी अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. नदीकडची बाल्कनी तिला फार आवडली होती.

तर आता मुद्द्याची विनंती.

घर विकायचं ठरवलं आहे. मुलगी पुण्याला शिकायला जाते आहे, पैसा लागणार. एजंटाला मेमध्ये बोलावलं. त्यानं भेग पाहिली, कडी लावून पाहिली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, आता कोणालाच दाखवू नका. गणपतीत दाखवू. तोवर मिटते. पितृपक्षात कोणी घर बघत नाही, त्याच्याआधी उरकू. दसऱ्याला इसार." इतका अनुभवी माणूस! 2018 मध्येही हाच होता, हे मला त्याच्या पाठमोऱ्या चालीवरून आठवलं.

तेव्हा, आई, यंदा पाऊस वेळेवर पी आणि फूग. भाद्रपदाचे दहा-बारा दिवस हूं की चूं करू नकोस. एक तरुण जोडपं येणार आहे, दोघं नोकरीवाले. मुलीच्या वडिलांना घेऊन येतील, फरशा वाजवतील. पोकळ दोन कोणत्या ते मी आपणहून सांगेन. रंगवाला ठरवला आहे. तसबीर माळ्यावर आहेच, जुन्या मालकांनी ठेवून दिली होती; तेव्हा आम्हाला त्यांचं किती कौतुक वाटलं होतं.

एकच अडचण आहे. त्या भेगेच्या कडेनं मी सहा वर्षं पेन्सिलीनं तारखा घालत आलो, कुठपर्यंत पोचली ते कळावं म्हणून. आणि तिच्याच शेजारी, खिडकीच्या चौकटीलगत, दर वाढदिवसाला मुलीला उभं करून तिच्या उंचीची रेघ मारली आहे. रंगवाला विचारत होता, दोन्ही घासू का? त्याला सोमवारी सांगतो म्हटलं आहे.

तुझा, आणि अजून अकरा वर्षं बँकेचा,
एक घरमालक