सासूबाई, सिनात्रा आणि खालचा खण

परभणीत हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. तो एक तर उसने पैसे मागायला आलेला असतो, नाही तर कुणाचं तरी जमत आलेलं लग्न मोडायला. बाकीचा सगळा व्यवहार मोकळ्या गळ्याने. गुजरी बाजारातली भाजीवाली समोरच्या गिऱ्हाइकाला कोथिंबिरीचा भाव सांगते, तो जिंतूर रोडपर्यंत कळतो. लग्नात डीजे, उरुसात कव्वाली, निवडणुकीत रिक्षावरचे भोंगे. माइक हातात आला की आमचा माणूस आधी त्यात फुंकर मारतो आणि मग, माइक नसताना ओरडला असता त्याहून जोरात ओरडतो.

अशा गावात राहून मला नाद लागला तो माइकशी कुजबुजणाऱ्या अमेरिकन गायकांचा. बिंग क्रॉसबी, फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल, पेरी कोमो, डीन मार्टिन, टोनी बेनेट. तिकडे ह्या मंडळींना क्रूनर म्हणतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ह्या म्हणीत अमेरिका कुठेच नव्हती, ती तू उगाच घुसवलीस, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

घुसवायची तरी जागा हवी ना. घरातल्या सागवानी कपाटात वरचे खण ह्यांच्या रेकॉर्डांनी आधीच बळकावलेले. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, माणिक वर्मा, नाट्यपदं, आणि तलत महमूदचा तर वेगळा देव्हाराच. मला मिळाला खालचा खण, तोही इस्त्री आणि जुन्या दिवाळी अंकांना वाटा देऊन. दुसरी अडचण वजनाची. रेकॉर्डी आणणार कोण, तर माझा भाचा. तो न्यू जर्सीत राहतो, सिनात्राच्या होबोकेनला लागूनच. संध्याकाळी नदीकाठच्या सिनात्रा ड्राइव्हवर धावायला जातो आणि सिनात्राला कंटाळलेला आहे. त्याच्या बॅगा जाताना शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि काळ्या मसाल्याने भरतात. येताना थोडी जागा उरते. ‘‘मावशी, मोजक्या सांग,’’ असं तो दर वेळी बजावतो. म्हणून निवड करणं भाग पडलं. नाही तर कोण कशाला कुणाला वगळतंय!

आता निवडायचं म्हणजे कान हवा. माझा कान मोहात पडणारा; जो ऐकते तो आवडतो. ह्यांचा कान तलतकडे गहाण. राहिल्या सासूबाई. गंगाखेडच्या माहेरवाशीण, वय ऐंशीच्या पुढे, इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे शब्दांना भुलायची सोय नाही. पूर्वी स्थळं बघायला जायच्या तेव्हा मुलगा ‘या, बसा’ म्हणाला की त्यावरून त्याचा स्वभाव सांगायच्या. तीच परीक्षा मी क्रूनरांना लावली.

पहिला बसवला क्रॉसबी. सासूबाईंनी दोन गाणी ऐकली आणि विचारलं, ‘‘हा गायलालाय का झोपायलालाय?’’

प्रश्न बरोबर होता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही लोकांनी हेच विचारलं असतं. 1925 पर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून ताकदीने गायचं. त्या आवाजाच्या जोरावर सुई थरथरायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गाणाऱ्याची रेघच उमटत नसे. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पिढीलाही आवाज पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत फेकावाच लागे. 1925 साली विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, माइक आला, आणि गायकाला कळलं की आता ओरडायची गरज नाही. क्रॉसबीला ते सगळ्यांपेक्षा नीट कळलं. तो हजार माणसांसाठी गायचं सोडून एकासाठी गायला लागला. बायका खुळावल्या. पुरुष चिडले. 1932 मध्ये बोस्टनच्या कार्डिनल ओकॉनेल ह्यांनी ह्या गाण्याला हलकं आणि निर्लज्ज ठरवून टाकलं. सच्चा अमेरिकन असली कला करणार नाही, असा त्यांचा शेरा. धर्मगुरूने निषेध केला म्हणजे माल चांगला असणार, हा माझा जुना ठोकताळा आहे.

क्रॉसबी मला आवडतो तो त्याच्या आळसासाठीही. रेडिओचा कार्यक्रम दर आठवड्याला ताजा, जिवंत करावा लागे आणि त्यात गोल्फ बुडे. तेव्हा टेप रेकॉर्डर नवीन होता. ह्या गृहस्थाने अँपेक्स नावाच्या लहानशा कंपनीत 50,000 डॉलर घातले आणि कार्यक्रम आधीच टेप करून ठेवायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रणाचा इतिहास बदलला आणि गोल्फही वाचला.

त्याची ‘व्हाइट ख्रिसमस’ असलेली तबकडी मात्र मी वेगळ्याच कारणासाठी घेतली. परभणीचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा पेपरात यायच्या आधीच तो आपल्याला पाठीवरून कळलेला असतो. बर्फावरचं हे जगप्रसिद्ध गाणं क्रॉसबीने रेकॉर्ड केलं ते मे 1942 मध्ये, कॅलिफोर्नियात. इतकं खपलं की मूळ साचा झिजला आणि 1947 मध्ये पुन्हा गावं लागलं. मेल टॉर्मे आणि रॉबर्ट वेल्स ह्यांनी नाताळावरचं दुसरं गाजलेलं गाणं लिहिलं तेही 1945 च्या जुलैत, उकाड्याने हैराण झाल्यावर जरा गार वाटावं म्हणून. म्हणजे ही गाणी मुळात आमच्यासारख्यांचीच आहेत. डिसेंबरात ऐकायची चूक अमेरिकेने करावी. मी ती भर दुपारी, वाळ्याचे पडदे भिजवून, लाइट जायच्या आत ऐकते.

आणखी एक हिशेब आहे. त्या काळच्या 78 च्या तबकड्या बनत लाखेपासून, आणि लाख जायची मुख्यतः आपल्या देशातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून. 1942 साली युद्धामुळे अमेरिकन सरकारने रेकॉर्डांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. कंपन्या जुन्या तबकड्या मोडीत विकत घेऊ लागल्या. हैदराबादच्या लाड बाजारातून आणलेल्या बांगड्या सासूबाईंच्या हातात आहेत, त्याच लाखेच्या. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी बांगड्या कानाला लावून बघितल्या नाहीत, पण क्रॉसबीकडे जरा आपुलकीने बघितलं. ‘‘बरा आहे. जेवून खाऊन सुखी आहे,’’ म्हणाल्या. क्रॉसबी पास.

दुसऱ्या दिवशी सिनात्रा लावला. 1955 ची ‘इन द वी स्मॉल अवर्स’. रात्रीच्या निळसर रस्त्यावर, दिव्याखाली, हातात सिगारेट घेतलेला तो मुखपृष्ठावर आहे. आत सोळा गाणी, सगळी झोप न येणाऱ्या माणसाची. नेल्सन रिडलने व्हायोलिनं अशी ठेवलीत की ती आहेत हे लक्षात यावं, पण मध्ये येऊ नयेत. सासूबाई गव्हातले खडे वेचत होत्या. तिसऱ्या गाण्याला हात थांबला. ‘‘ह्याची बायको सोडून गेली का गं?’’

गेली होती. आव्हा गार्डनरशी 1951 मध्ये लग्न, 1953 मध्ये वेगळे. मी हे सांगितल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही. कळायचं ते आधीच कळलेलं होतं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट वर धरलं. मला वाटलं थांब म्हणतायत. तसं नव्हतं. गायक श्वास कुठे घेतो ते त्या बघत होत्या. घेतला की बोट खाली आणायचं. एक ओळ संपली, बोट वर. दुसरी ओळ पहिलीला जोडूनच आली, बोट अजून वरच. दुसरीच्या मध्यावर कुठेतरी ते खाली आलं, तेही अंदाजाने. ‘‘ह्याचा दम कुठं सापडंना,’’ त्या म्हणाल्या.

सिनात्राने ही विद्या उचलली टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात असताना. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा आणि लांबच लांब स्वर न तोडता ओढायचा; हा मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा. मग पाण्याखाली पोहून दम वाढवला. हे सगळं पुस्तकात वाचून मला कळलेलं. सासूबाईंना कळलं जात्यामुळे. जात्यावरची ओवी म्हणताना हात थांबत नाही, खुंटा सुटत नाही, आणि दम घ्यायचा तो ओढीच्या मध्ये, कुणाला न कळता. शिवाय घर झोपलेलं असतं. मोठ्याने गाऊन चालत नाही. समोर बसलेल्या जावेला ऐकू गेलं म्हणजे झालं, ती नसली तर विठ्ठलाला. गंगाखेडच्या जनाबाईचं दळणच असं होतं. मला तर आता असं वाटायला लागलंय की क्रूनरांनी नवीन काही शोधलंच नाही. कानाशी बोलल्यासारखं गाणं बायका पहाटेच्या अंधारात गातच होत्या. माइक आल्यावर पुरुषांना ते जमलं आणि त्यांनी त्याच्या रेकॉर्डी काढल्या. ह्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे आणि ह्यांनी अद्याप हार मानलेली नाही.

ह्यांचं पालुपद ठरलेलं: ‘‘तलत असताना हे लोक हवेत कशाला?’’ त्यात तथ्य नाही असं नाही. तलतच्या आवाजातला कंप 1950 च्या ‘आरजू’च्या वेळी अनिल विश्वासांनी जपायला लावला, नाही तर तो पठ्ठ्या तो लपवायलाच निघाला होता. मुंबईच्या सिनेमातल्या व्हायोलिनांना वळण लावणाऱ्यांत सेबॅस्टियन डिसोझांसारखी गोव्याची माणसं होती. त्यांना रिडलची भाषा परकी नव्हती. आणि मराठीत तर हे घराणं जुनंच. तिशीच्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गायली. कवी आमच्या जिंतूर-लोणारच्या पलीकडचे, मेहकरचे. नाटकी आलाप नाहीत, ताना नाहीत, कवितेला धक्का न लावता गायलेलं. पुढे गजाननराव वाटवे, त्यापुढे अरुण दाते. दाते पेशाने कापड गिरणीतले इंजिनियर आणि गाताना तसेच, सूत तुटू नये इतक्या जपून. हे सगळं मी ह्यांच्यापुढे मान्य करते. फक्त म्हणते की मग माझे अमेरिकन तुमच्या तलतचे मावसभाऊ झाले, त्यांना खालच्या खणात का होईना, राहू द्या.

नॅट किंग कोलवर घरात मतभेद झाला नाही. मुळात तो पियानोवाला. गाणं नंतर आलं. म्हणून निवडताना पेच पडतो: व्हायोलिनांच्या दुलईत गुंडाळलेला ‘लव्ह इज द थिंग’मधला कोल घ्यायचा की ‘आफ्टर मिडनाइट’मधला, पियानोवर बसून मित्रांबरोबर वाजवणारा? दोन्ही 1957 च्या. मी दुसरा घेतला. सासूबाई पूर्ण बाजू ऐकून म्हणाल्या, ‘‘ह्याला कधी रागच येत नसंल का?’’ लॉस एंजेलिसमध्ये त्याने घर घेतलं तेव्हा गोऱ्या शेजाऱ्यांनी विरोध केला. एप्रिल 1956 मध्ये बर्मिंगहॅमला गाताना लोकांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी त्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू झाला. बघणारे भरपूर, पण काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला पैसा पुरवायला एकही मोठा राष्ट्रीय जाहिरातदार पुढे येईना. वर्षभरात तो बंद झाला. पंचेचाळिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. आवाजात ह्यातलं काही नाही. मी एवढं सगळं सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘येत असंल. दाखवत नसंल.’’

पेरी कोमो पूर्वी न्हावीकाम करायचा. त्याच्या गाण्याने ह्यांना खुर्चीतच डुलकी लागली, त्यामुळे त्याच्यावर निर्णय झाला नाही. जॉनी हार्टमनची 1963 ची जॉन कोल्ट्रेनबरोबरची रेकॉर्ड कुणालाही न विचारता घेतली. काही गोष्टी मतदानाला टाकायच्या नसतात. जिम रीव्ज आपल्याकडे केवढा लाडका, पण तो गावरान गाण्यांच्या गोटातला, शिवाय त्याच्या कॅसेटी आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. भाच्याला पाठवायच्या यादीत शेवटची एक जागा उरली. टोनी बेनेट की डीन मार्टिन? बेनेटची बिल एव्हान्सबरोबरची 1975 ची रेकॉर्ड आहे, नुसता पियानो आणि आवाज. जाणकार माणूस तीच घेईल. मार्टिनला सासूबाईंनी पहिल्याच गाण्यात नापास केलं होतं: ‘‘हा प्यालेला आहे.’’ त्याच्या हातातल्या ग्लासात बहुतेक वेळा सफरचंदाचा रस असे असं म्हणतात. ते सोंग होतं. हे सांगितल्यावर तर त्या जास्तच चिडल्या. न पिता पिल्यासारखं करणारा माणूस त्यांच्या मते पिणाऱ्याहून वाईट.

तर मी बेनेट लिहिला. तेवढ्यात शेजारचा मंडप-साउंडवाला मुलगा आला. ‘‘काकू, एखादं गाणं द्या की. नवे स्पीकर आलेत, टेस्ट करायचेत. तुमच्याकडं वेगळं असतंय.’’ पेनड्राइव्हवर डीन मार्टिनचं ‘दॅट्स अमोरे’ घालून दिलं. ह्या सगळ्या कुजबुज करणाऱ्यांत मंडपातल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचं वाईट वाटून न घेणारा तोच. संध्याकाळी वसमत रोडच्या बाजूने तो गडगडत आला. खिडक्यांची तावदानं हलली, कुत्री भुंकली, समोरच्या गच्चीवरून कुणी तरी ‘‘लग्न कुणाचं आहे?’’ म्हणून ओरडलं.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर कानामागे सारला आणि पूर्ण गाणं ऐकलं.

‘‘आता कसं नीट ऐकू यायलालंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हाच घे.’’

भाच्याला पुन्हा मेसेज केला. बेनेटवर काट मारून मार्टिनची 1959 ची ‘स्लीप वॉर्म’ लिहिली, जिच्यात वाद्यवृंदासमोर काठी घेऊन खुद्द सिनात्रा उभा आहे. भाच्याचं लगेच उत्तर आलं: ह्या वेळी काळा मसाला दोन किलो ठेव.