साखरा ते स्पेन, व्हाया हिंगोली डेक्कन

स्पेनला जाणाऱ्यांची एक ठरलेली तऱ्हा असते. रेल्वेनं देश पालथा घालायचा, गावोगावची संग्रहालयं बघायची आणि तिकडं कुणी भाचा-पुतण्या नोकरीला असला तर त्याच्याकडं चार दिवस टेकायचं. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या माणसानंही हा बेत जरूर करावा. फक्त त्याआधी घरच्या रुळांवर एक सराव-फेरी मारून घ्यावी. रेल्वे, संग्रहालयं आणि नातेवाईक हे तिन्ही जिन्नस आपल्याकडं मुबलक आहेत. त्यांतले दोन वेळापत्रकानं चालतात. ही मार्गदर्शिका तिसऱ्यासाठी आहे.

आधी तांत्रिक बाजू. स्पेनच्या जुन्या रुळांमधलं अंतर १६६८ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. म्हणजे फरक आठ मिलिमीटरचा, तुरीच्या एका दाण्याएवढा. पूर्णा-अकोला मार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता, तेव्हा दोन रुळांत जेमतेम १००० मिलिमीटर जागा होती. रुंदीकरण झालं आणि हिंगोली एका झटक्यात स्पेनच्या ६६० मिलिमीटर जवळ सरकली. जिल्ह्यात कुणी फटाके वाजवल्याचं ऐकिवात नाही. पुढं २०१६ साली स्पेनची टॅल्गो गाडी जहाजात बसून बार्सिलोनाहून मुंबई बंदरात उतरली आणि चाचणीत तिनं दिल्ली-मुंबई अंतर बारा तासांच्या आत कापलं. ती आपल्याकडं फिरकली नाही. आली असती तरी कुणीतरी पायरीवर पाय ठेवून विचारलंच असतं, "वाशीमला थांबती का वो ही?"

स्पेननं १९९२ साली माद्रिद-सेव्हिल वेगवान गाडी सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी मात्र १४३५ मिलिमीटरचे वेगळे रूळ घातले. त्यामुळं दोन्ही रुळांवर जाणाऱ्या त्यांच्या काही गाड्या धावता धावता चाकांमधलं अंतर कमी-जास्त करतात. याचं तिकडं मोठं कौतुक आहे. आपल्याकडं ही विद्या बऱ्याच सोयऱ्यांना उपजत येते. जमिनीच्या वाटणीआधी अंतर किती आणि नंतर किती, हे ज्यानं पाहिलंय त्याला या गाड्यांचं नवल वाटायचं कारण नाही.

आता कागदपत्रं. स्पेनमध्ये नातेवाइकाच्या घरी उतरायचं, तर त्या नातेवाइकाला आधी पोलिसांकडून निमंत्रणपत्र काढावं लागतं. अमुक इसम माझा अमका लागतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत माझ्या घरी राहणार आहे. पोलीस शहानिशा करतात, शुल्क घेतात, मग कागद देतात. पाव्हणा येणार म्हणून यजमानानं पोलिसांत जायचं, ही कल्पनाच आपल्याकडं पचणार नाही. आपल्याकडं गुन्हा आहे तो न राहण्याचा. पुण्याला येऊन गेलास आणि आमच्या घरी पाणी प्यायलासुद्धा आला नाहीस, हे कलम अजामीनपात्र आहे. सुनावणी पुढच्या लग्नात, पंगतीत, सर्वांसमक्ष होते आणि साक्षीदार जिलबी खात खात साक्ष देतात.

गुपचूप जाऊन यावं असा विचार कुणी करू नये. साखऱ्यात बॅग घेऊन घराबाहेर पडलात की तुमची गाडी सेनगावला पोचायच्या आत कल्याणच्या मामींना कळलेलं असतं. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, असं स्वच्छ लिहिलेलं तरी आहे. आपल्या यजमानांचा व्हिसा खुणांवरून वाचावा लागतो. "राहा की चार दिवस" याचा अर्थ दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी "तुमचं रिझर्वेशन कन्फर्म झालं का हो?" असा प्रश्न आला की मुदत संपली. आणि घरातलं लेकरू "हे कधी जाणार?" असं विचारून मोकळं झालं तर मुदत कालच संपली होती.

सामानाविषयी वेगळा ग्रंथ लिहिता येईल. स्पेनच्या ला मांचाचं केशर नावाजलेलं आहे. तिकडचा माणूस पाव्हण्यांकडं जाताना चिमूटभर डबीत नेऊ शकतो. आपला वाण हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती चिमटीनं देण्याची पद्धत नाही. शहरातल्या प्रत्येक घरामागं किलो-किलोची पिशवी, वर तूरडाळ, वर ज्वारी, वर शेंगदाण्याची चटणी. पिशवी फुटली तर पांढऱ्या कपड्यांवर मानांकन उमटतं. म्हणून कपडे शक्यतो पिवळे घ्यावेत.

साखऱ्याला रेल्वे नाही. सेनगाव गाठावं, तिथून हिंगोली. वाटेत नर्सी लागतं, तिथं हात जोडावेत. नामदेव महाराज इथले. ते पार पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली, तीही वेटिंग लिस्टच्या भानगडीत न पडता. २०१५ साली त्याच घुमानला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा साहित्यिकांसाठी महाराष्ट्रातून खास गाड्या सोडाव्या लागल्या. संत आणि साहित्यिक यांच्यातला फरक रेल्वे खात्याला तेव्हा नीट कळला असावा.

हिंगोली डेक्कन स्थानकावर पोचलात की निम्मी लढाई जिंकली. पूर्वी जालन्याहून सुटणारी मुंबईची जनशताब्दी २०२४ पासून इथून सुटते. पहाटेची गाडी, बसूनच जायचं. वसमत आणि पूर्णेपर्यंत तुम्ही स्वतंत्र नागरिक असता.

परभणी हे पहिलं अवघड स्टेशन. तिथं मावशी असतात. तुम्ही उतरणार नाही हे त्यांना माहीत असतं, तरी त्या फलाटावर आलेल्या असतात, पदर खोचून, हातात चार पुडांचा स्टीलचा डबा घेऊन. तुमचा डबा कोणता, हे तुम्हाला आठवायच्या आत त्यांनी गार्डाला विचारून ठेवलेलं असतं. दारात उभं राहावं. आत बसून काचेतून हात हलवणाऱ्याचं नाव तीन पिढ्या निघतं. मावशी डबा वर देतात, बोलणं मध्येच सुरू करतात: "सरळ धर, खालच्या पुडात वरण हाय. उतरला कामून न्हाईस? एक दिस राह्यला असतास तं मुंबई काय पळून चालली व्हती? माय कशी हाय? धपाटे आधी खाय, दशम्या टिकत्यात..." गाडी हलते. मावशी गाडीबरोबर चार पावलं चालतात आणि मुख्य मुद्दा तेव्हा सांगतात: "डबा माघारी दे बरं का!"

इथं नवखा प्रवासी फसतो. डबा माघारी द्यायचा म्हणजे रिकामा द्यायचा नसतो. तो धुवून, मुंबईभर मिरवून, येताना त्यात काहीतरी गोड भरून परभणीच्या फलाटावर पोचवायचा. या घटकेपासून तुमच्या सहलीचा खरा नायक तो डबा असतो. संग्रहालयाच्या दारात सुरक्षारक्षक त्याचं एकेक पूड उघडून बघतात. आत दशमी निघाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो टिपण्यासारखा असतो. डबा सामानघरात ठेवून बिल्ला घ्यावा आणि बिल्ला जीव लावून जपावा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातही मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत, तेव्हा हा सराव वाया जाणार नाही.

वारांचं गणित पाठ करून ठेवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. माद्रिदचं रेना सोफिया मंगळवारी बंद. नातेवाईक कुठल्याच वारी बंद नसतात. त्यामुळं सोमवारी संभाजीनगरला उतरलात तर अजिंठ्याऐवजी वाळूजच्या चुलत भावाचा टू-बीएचके बघून होतो, आणि तो सगळा दाखवल्याशिवाय भाऊ सोडत नाही. मॉड्युलर किचनचे सगळे कप्पे उघडून दाखवतो. संग्रहालयात निदान कपाटांना कुलूप असतं.

पुढं मनमाड, नाशिक. ती स्टेशनं पार पडली म्हणून गाफील राहू नये, कारण कल्याण यायचं असतं. "सीएसएमटीला कशाला जाता? कल्याणलाच उतरा, आम्ही आलोय घ्यायला." उतरलात की संपलं. उतरू नये. थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावं. ही इमारत २००४ पासून जागतिक वारशात आहे, म्हणजे फलाटावर उभं राहूनच एक वारसास्थळ बघून होतं आणि त्याचं वेगळं तिकीट पडत नाही. माद्रिदच्या आतोचा स्थानकात जुन्या छताखाली झाडांची बाग केली आहे. आपल्याकडं छताखाली माणसं आहेत. दोन्हींत वाट काढायला वेळ लागतो.

जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याची पायाभरणी नोव्हेंबर १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सनं केली आणि ते लोकांना खुलं झालं जानेवारी १९२२ मध्ये. मधल्या काळात तिथं लष्करी इस्पितळ होतं. सोळा वर्षं! गावाकडच्या एखाद्या रखडलेल्या कामाबद्दल कुणी हळहळला तर हा दाखला द्यावा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, त्याहून जुनं. त्याच्या आवारातला दगडी हत्ती जरूर बघावा. हा मूळचा घारापुरीचा. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे इथं आणून १९१४ साली पुन्हा जोडले. आमचे एक मामा त्याच्यापुढं बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं पडला. न्हाईतर व्हिसा काढून बघायला जावं लागलं असतं."

पुण्याला मात्र म्हाताऱ्या माणसांना घेऊन जावं, आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातच न्यावं. स्पेनमधल्या कुठल्याही संग्रहालयात असा अनुभव मिळणार नाही. अडकित्ते, वज्र्या, दिवे, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, खेळणी. दिनकर केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' नावानं लिहायचे. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी हे उभं केलं आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केलं. वस्तू वीस हजारांच्या घरात, मांडलेल्या त्याच्या आठव्या हिश्शाएवढ्या. आमच्या आत्याबाईंना आम्ही तिथं नेलं तेव्हा पहिल्या दालनात त्या काही बोलल्या नाहीत. वज्र्यांच्या कपाटापुढं थांबल्या. टाचा घासायची पितळी वज्री, वर पाखराची जोडी, आत घुंगरू. काचेला नाक लावून म्हणाल्या, "ही तं आपल्या घरी व्हती."

"अशीच?"

"अशीच न्हाई, हीच. तुज्या बापानं मोडीत घातली. दीड किलो पितळ निघालं म्हणला सगळं मिळून."

मग प्रत्येक कपाटापुढं हेच. समई: मोडीत. अडकित्ता: वाटणीत धाकट्या काकांकडं, तिथून मोडीत. गंजिफा मात्र आपल्याकडं कधी नव्हत्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तासाभरात आमच्या मागं पंधरा-वीस माणसं जमली होती. गाईड आहे असं समजून एक जण शंका विचारायला लागला आणि आत्याबाई उत्तर द्यायला लागल्या. केळकरांनी वाड्यावाड्यांतून आणि बाजारांतून वेचून हे सगळं साठवलं, त्याच काळात साखऱ्यासारख्या गावांतून तेच सगळं तराजूवर जात होतं. आत्याबाईंनी एवढंच विचारलं की हा माणूस आपल्याकडं आला का नाही.

ही पायरी जमली की स्पेनला जायला हरकत नाही. पिकासोच्या 'गेर्निका'ची तयारी घरूनच करावी. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब, आणि सगळं काळं-पांढरं-करडं. स्पेनमध्ये लोकशाही येईपर्यंत ते तिकडं न्यायचं नाही, अशी पिकासोची अट होती. अटी घालून रुसून बसलेलं पाव्हणं आपल्याला नवं नाही, फक्त हे १९८१ साली खरोखर आलं. आत्याबाईंना मोबाईलवर दाखवलं तर त्या म्हणाल्या, "येवढं मोठं घेतलं, तं रंग कामून भरला न्हाई?" मग बॉम्ब पडल्याचं सांगितलं. गेर्निका नावाच्या गावावर, बाजारच्या दिवशी. त्यांनी मोबाईल हातात घेतला, बोटानं चित्र मोठं केलं, मेलेलं लेकरू घेतलेली बाई शोधली आणि म्हणाल्या, "बाजारच्या दिशी? माणसं तरी कशी म्हणावं."

राहता राहिली अभिप्राय वही. बाहेर पडताना ती टेबलावर असते, दोरीला पेन बांधलेलं असतं आणि पेन सहसा उठत नाही. स्वतःचं न्यावं. "सुंदर", "खूप छान" असलं काही लिहू नये, ते बाकीचे लिहितात. पुण्यात आत्याबाईंनी सांगितलं आणि आम्ही लिहिलं, ते नमुन्यादाखल घ्यावं: "वस्तू चांगल्या ठेवल्या आहेत. धूळ पुसलेली आहे. वज्री क्रमांक घालून ठेवली आहे ती आमचीच आहे, परंतु परत मागत नाही. बसायला बाकडी वाढवावीत. खाली चहाची सोय असावी. मु. पो. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली. इकडं येणं झालं तर घरी या. हळद देऊ."