बॉलकॉक आणि नवतपा

इंग्लंडातल्या घरांत थंडीच्या सुरुवातीला एक तक्रार हमखास ऐकू येते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या रेडिएटरच्या वॉलची बारीक पिन आत रुतून बसते; बॉयलर धडधडत राहतो आणि खोली मात्र गारच. चंद्रपुरात ही भानगड नाही. इथं सेंट्रल हीटिंग निसर्गानंच बसवून दिलेलं आहे. मे महिन्यात ते घराला ४६-४७ अंशांवर नेऊन ठेवतं, आणि त्याला वॉल नाही, बटण नाही, बिलही नाही.

इथला वॉल असतो कुलरात, आणि तो बिघडतो नवतप्यात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, म्हणजे साधारण २५ मे उजाडला, की भर दुपारी घरातून हाक येते, "अहो, कुलर वाहून राहिला नं!"

ज्या गृहस्थांना ही हाक आली, ते ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. २,९२० मेगावॅटचं केंद्र. वाफेचे माणसाच्या उंचीचे वॉल त्यांनी हाताळलेले. तिथले कूलिंग टॉवर म्हणजे खरं तर याच कुलरचे थोरले काका. गरम पाणी वरून झरतं, हवा खालून वर चढते, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं निवतं. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. मे महिन्यातली कोरडी हवा त्यासाठी हपापलेलीच असते. हे सारं त्यांना तोंडपाठ होतं. घरच्या कुलरापुढे मात्र त्यांनी पाना उचलला आणि पाइपावर दोनदा ठोकला.

शेजारी जमले. एकाला पंपाचा संशय, दुसऱ्याला ताट्यांचा. "पहिल्या पावसात कुलर बंदच होते, कायले दुरुस्त करता?" असा तिसऱ्याचा सल्ला. तोही अगदी खोटा नव्हता. हवेत दमटपणा आला की पाणी वाफ व्हायला तयार नसतं, आणि कुलर नुसता चिकचिकाट फेकतो. पण मृगाला अजून दिवस होते आणि पाणी हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघालं होतं.

मग बोलले गडचिरोलीहून लग्नाला आलेले मेहुणे. सकाळपासून ते ताडोब्याच्या वाघाचं कौतुक सांगत होते. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यात शेपटीकडून उतरतो आणि मानेपर्यंत बसून राहतो. त्याला ना पंप लागतो ना ताट्या. "भाऊजी, आधी प्लग काढा," ते म्हणाले. हे बोलणं वाघाच्या गोष्टींपेक्षा मोलाचं होतं. पत्र्याचा कुलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा जुळणीत विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्लग निघाला. "आता बॉलकॉकचा बॉल हातानं वर उचला."

गृहस्थांनी ताटी बाजूला सारून हात घातला. बॉल वर उचलला, पाणी थांबलं. सोडला, धार सुरू.

निदान तिथंच झालं. बॉल उचलूनही धार चालू राहिली असती, तर रबरी वॉशर झिजलेला किंवा तोंडाशी जड पाण्याचा क्षार बसलेला. थांबली, म्हणजे वॉल शाबूत. बॉलच पुरेसा वर येत नाही. कधी दांडी वाकलेली असते, कधी बॉल ताटीला अडकतो. पाणी चढलं की तरंगतं काहीतरी वर येऊन वाट बंद करतं, ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या तेसिबिओसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पाण्याच्या घड्याळात वापरली होती. पण तरंगणाऱ्यानं तरंगायला हवं.

बॉल फिरवून काढला, कानाशी हलवला. आत खळखळ. जोडाच्या रेषेवर केसाएवढी चीर, आणि अर्धा बॉल पाण्यानं भरलेला.

उन्हात बाजार गाठायची कुणाची छाती नव्हती. मेहुण्यांनी लग्नातून आणलेली थंड पेयाची बाटली रिकामी केली, बूच घट्ट लावलं आणि सुतळीनं दांडीला बांधली. पाणी चढलं, बाटली उचलली गेली, धार बंद. टाकी काठाच्या चार बोटं खाली थांबली. पंप सुरू झाला, ताट्या भिजल्या, मेहुणे कुलरासमोरची जागा धरून झोपले.

दुपारी निरोप धाडलेला नळवाला संध्याकाळी आला. त्यानं टॉर्च मारून आत पाहिलं, बाटली बोटानं उचलली, सोडली, पुन्हा उचलली.

"वॉल तं चांगला आहे नं जी," तो म्हणाला, आणि येण्याजाण्याचे पैसे मागितले.