नावं व्हायचीत

साठी उलटलेल्या माणसासाठी जपानी सिनेमाच्या पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहायला हवं : मध्यंतर नाही. तिकिटात ज्येष्ठांना सवलत मिळते, या बाबतीत मिळत नाही. आमचा जन्म कोकणातल्या सव गावचा आणि उमेदीची वर्षं गेली गिरणगावात. लालबागच्या ‘भारतमाता’त आम्ही जे मराठी सिनेमे पाहिले, त्यांतला निम्मा आनंद मध्यंतरातल्या बटाटेवड्याचा होता. उरलेला शेजाऱ्याचा. तो तिसऱ्यांदा आलेला असायचा आणि पुढचं वाक्य नटाच्या आधी म्हणायचा.

मुलगी टोकियोत निशी-कासाईला राहते. आपल्या लोकांची तिथे चांगली वस्ती आहे. त्याच एदोगावा भागातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. त्यामुळे तिच्याकडे गेलो, तेव्हा घराबाहेर परकेपणा फारसा जाणवला नाही. तो जाणवला थिएटरात. पूर्ण तिकीट दोन हजार येन होतं. “रुपये करत बसू नका,” असं बायकोने दारातच बजावलं. आत काउंटरवर सिनेमाची माहिती देणारी देखणी पुस्तिका वेगळे पैसे मोजून मिळते. लोक ती घेतात आणि कोपरा दुमडणार नाही अशी पिशवीत ठेवतात.

सुरुवातीला पडद्यावर एक सूटबूटवाला येतो. त्याला डोक्याच्या जागी कॅमेरा. तो वेडावाकडा नाचतो आणि लाल दिव्याचं डोकं असलेला पोलीस त्याला पकडतो. सिनेमाची चोरी करू नका, हा त्याचा अर्थ. मी मोठ्याने हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही. पुढचे दोन तास मग मी खोकलासुद्धा हप्त्याहप्त्याने काढला. शेजारची बाई तर पॉपकॉर्नचा दाणा तोंडात धरून ठेवायची आणि पडद्यावर काही आदळलं, की त्या आवाजात चावून घ्यायची.

सिनेमा संपला. मी सवयीने उठलो आणि पायाने चप्पल चाचपू लागलो. सगळं थिएटर जागच्या जागी. दिवे बंदच. काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं वर सरकत होती.

“बाबा, बसा. नावं व्हायचीत.”

“कुणाची?”

“सगळ्यांची.”

दिवे लावणारे, गाड्या चालवणारे, जेवण पुरवणारे. मुलगी कानात सांगत होती. शेवटचं नाव वर गेलं, उजेड झाला आणि मगच माणसं उठली. जाताना प्रत्येकाच्या हातात आपापला कचरा. दारात तो घ्यायला एक पोरगा उभा होता आणि रिकाम्या डब्याबद्दलही तो वाकून आभार मानत होता.

ही माणसं मुळातच अबोल, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण त्यांच्याच काबुकी नाटकात जाणकार प्रेक्षक ऐन क्षण साधून नटाच्या घराण्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारतात. रजनीकांतचा ‘मुथू’ १९९८ साली तिथे धो धो चालला. त्याचा कमाईचा विक्रम मोडला ‘आरआरआर’ने. तो ऑक्टोबर २०२२मध्ये तिथे लागला. अशा सिनेमांचे खास ‘मसाला’ खेळ होतात. त्यांत आरडाओरडा, टाळ्या, कागदी कपट्यांची उधळण, सगळं चालतं. आणि नंतर ते कपटे गोळा करायला प्रेक्षकच हात लावतात. म्हणजे गोंधळ त्यांनाही हवा असतो, फक्त त्याचं तिकीट वेगळं. आपल्याकडे तो प्रत्येक तिकिटावर फुकट.

नावांचं मात्र डोक्यातून जाईना. नावं घ्यायला आपणही कमी नाही. गणपतीत चाकरमानी आले, की आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. शाहिराने बिनतोड सवाल टाकलेला असतो, ढोलकी चढलेली असते आणि माईकवाला मध्येच घुसतो : अमुक वाडीच्या अमुक शेठकडून एकशे एक रुपये, मंडळ आभारी आहे. ढोलकी थांबते, शेठ उभे राहून चौफेर हात जोडतात, मग सवाल पुढे. सगळी नावं देणाऱ्यांची. मांडव घालणारा, वायर ओढणारा, रात्रभर चहा उकळणाऱ्या बाया यांना कुणी पुकारत नाही. जपानात ड्रायव्हरच्या नावासाठी सगळं थिएटर खोळंबतं.

परत आल्यावर मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं. पोरगा गुणी. म्हटलं, “यंदा शेवटचं गाणं झालं, की राबणाऱ्यांची नावं वाच. तोवर कुणी उठायचं नाही.”

त्याने मान डोलावली, थोडा विचार केला. म्हणाला, “काका, वाचतो की. पण शेवटी नको. गाणं संपलं, की मांडवात माणूस ठरत नाही. ऐन सवालात घुसवू. चहावाल्या काकींना एकशे एक लावू या. तुमच्याकडून.”