बॉबीकाकाचं लग्न आणि नऊ न्यायमूर्ती

बॉबीकाकाचं लग्न ही चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट आहे. क्लोईचा लाडका काका जेमी नावाच्या पुरुषाशी लग्न ठरवतो. आता काकाला आपल्यासाठी वेळ उरणार नाही, म्हणून क्लोई रुसते. सारा ब्रॅनन यांच्या 2008 च्या मूळ आवृत्तीत ही सगळी मंडळी गिनी पिग होती, 2020 मध्ये ती माणसं झाली. गिनी पिग असतानाही तक्रारी आल्याच होत्या.

2022 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत, सुमारे 1,60,000 विद्यार्थ्यांच्या सरकारी शाळांत, हे पुस्तक आणि त्याच्या जातकुळीची आणखी काही पुस्तकं दाखल झाली. नाना तऱ्हेची कुटुंबं मुलांना दिसावीत, हा शिक्षण मंडळाचा हेतू. ज्यांना नको, त्यांच्या मुलांनी त्या तासाला बाहेर बसावं, अशी मुभाही सुरुवातीला होती. मार्च 2023 मध्ये मंडळाने ती पुढच्या वर्षापासून बंद केली. मुभा मागणारे इतके झाले की सांभाळणं जड जातं, असं त्याचं एक कारण. थोडक्यात, मतांची विविधता विविधतेच्या धड्याला परवडेना. लैंगिक शिक्षणाच्या तासाला मात्र राज्याच्या नियमानुसार मूल बाहेर ठेवता येतं. ही पुस्तकं भाषेच्या तासाला होती, त्यामुळे तो नियम लागू नाही, असा मंडळाचा खुलासा.

कोर्टात गेलेल्या पालकांत मुस्लिम होते, रोमन कॅथलिक होते आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्सही. या तिघांना एका बाकावर बसवणं धर्मपरिषदांना शतकानुशतकं जमलं नव्हतं. मंडळाने ते अर्ध्या डझन चित्रपुस्तकांत करून दाखवलं. सर्वधर्मसमभावाचा इतका स्वस्त उपक्रम दुसरा नसेल.

पालकांच्या बाजूचीही परंपरा मोठी आहे. टेनेसीतल्या हॉकिन्स काउंटीत 1983 मध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी वाचनमालेवर हरकत घेतली. एका धड्यात मुलगी वाचत होती आणि मुलगा स्वयंपाक करत होता. दुसरीकडे एक चेटकीण चक्क चांगली निघाली. इतर धर्मांबद्दल सहिष्णुता शिकवली जाते, ही तक्रार तर होतीच. खालच्या कोर्टात ती कुटुंबं जिंकली, 1987 मध्ये अपिलात हरली. मुलगा अजून शेगडीपाशीच असावा.

माँटगोमेरीचा खटला, म्हणजे महमूद विरुद्ध टेलर, 22 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. क्लोई नेमकी का रुसली, यावर न्यायमूर्ती सोटोमेयर आणि न्यायमूर्ती अलिटो यांच्यात मतभेद झाले. काका दुरावेल म्हणून, असं एक मत, आणि पुस्तकाला बरंच काही शिकवायचं आहे, असं दुसरं. समलिंगींच्या ‘प्राइड’ म्हणजे अभिमान मिरवणुकीत हरवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं एक अक्षरओळखीचं पुस्तकही निघालं. चित्रांत शोधायच्या वस्तूंच्या यादीत चामडं होतं. न्यायमूर्ती गोर्सच यांनी त्याची कसून चौकशी केली. ते एका बाईच्या अंगातलं जॅकेट आहे, असं मंडळाच्या वकिलांनी सांगितलं. हे पुस्तक मंडळाने आधीच मागे घेतलं होतं, तरी शोध चालूच राहिला. शिक्षिका सांगते ते पटलंच पाहिजे असं नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला सांगणंच कदाचित जास्त धोक्याचं, अशी शंका सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी काढली. बालवाडीच्या बाईंनी यावर नक्कीच मान डोलावली असती.

27 जूनला निकाल लागला, 6 विरुद्ध 3. खटला संपेपर्यंत अशी पुस्तकं वापरण्याआधी पालकांना कळवायचं आणि मुलांना बाहेर बसू द्यायचं. बहुमताचं निकालपत्र अलिटोंनी लिहिलं आणि पुस्तकांतली पानं पुराव्यादाखल जोडली. सोटोमेयर यांनी आपल्या विरोधी मताला बॉबीकाकाची अख्खी गोष्टच जोडली. ज्या गोष्टीपासून काही वर्गांतली काही मुलं वाचवायची होती, ती अशा रीतीने सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात गेली आणि कुणालाही फुकट वाचायला मोकळी झाली.

आता चिठ्ठी आणलेली मुलं त्या तासाला दप्तर उचलून वाचनालयात जाऊन बसतील. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती आत बसलेल्यांना विचारणारच, काय होतं रे गोष्टीत?

काही नाही. एक मुलगी रुसली होती.