तिथी बघा, मग गाडी काढा

माणगाव सोडायच्या आधीच जोडप्याचा बेत पक्का झालेला असतो. सकाळी दिवेआगरचा गणपती, जेवण श्रीवर्धनला, दुपारी हरिहरेश्वराचं दर्शन आणि प्रदक्षिणा, मग सूर्यास्त बघून रात्री घरी. हॉटेलवाल्याला विचारलेलं असतं, मित्राला विचारलेलं असतं, मोबाईलला तर दहा वेळा विचारलेलं असतं. समुद्राला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

हरिहरेश्वरी त्याची परवानगी आधी लागते. इथली प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती संपत नाही. डोंगरावरून वाट निघते, दोन कातळांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या थेट समुद्राशी उतरतात आणि पुढे लाटांनी तासून सपाट केलेल्या खडकावरून डोंगराला वळसा घालायचा असतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उभा कडा. या कड्याजवळ थांबा. खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने दगडाला शेकडो खळगे पाडलेत, मधाच्या पोळ्यासारखे. त्यात बोट घालून बघा, कडा अगदी पातळ आणि धारदार लागतात. एवढं बघायलाच अर्धा तास हवा. पण ही वाट फक्त ओहोटीला उघडते. भरतीला तिच्यावर पाणी असतं, खडकाला शेवाळ असतं, आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाला मागची लाट दिसत नाही. इथून माणसं वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्या विसरून पुन्हा तिथेच उभं राहणं याला मी श्रद्धाही म्हणणार नाही आणि हौसही नाही. तो निव्वळ बेफिकीरपणा आहे.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी सकाळी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, आणि तीही उधाणाची. दिनदर्शिका घरोघरी भिंतीवर टांगलेली असते, वाढदिवस आणि उपास बघायला. निघायच्या आदल्या दिवशी तिथीही बघावी.

आता वरचा बेत संकष्टीला लावून बघा. सकाळी दिवेआगरला गणपतीसमोर रांग, मग श्रीवर्धनला ताट, आणि हरिहरेश्वरी पोहोचेपर्यंत दोन-अडीच. म्हणजे पाणी चढून कड्याला भिडायच्या वेळी आपली जोडी पायऱ्या उतरते आहे! तोच दिवस उलटा केला तर सगळं जुळतं. मुक्काम आदल्या रात्री तिथेच करावा, आठला खाली उतरावं, दहाच्या आत वर यावं. मग रिवाजाप्रमाणे आधी कालभैरव, नंतर हरिहरेश्वर आणि पुन्हा कालभैरव. पुढचा दिवस मोकळा.

मोकळा म्हणजे खरंच मोकळा. दिवेआगर वगळा. तिथला गणपती पुढच्या खेपेला भेटेल. त्याऐवजी श्रीवर्धनला रमा. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव. त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली १७१३ साली, पण गावाची आजची कहाणी नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये आहे. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि माड-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला काही वर्षं जातात. तोवर अनेक घरं चालतात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालून. तेव्हा घरगुती खाणावळीत सकाळीच फोन करून पानं सांगा. दारात उभं राहून ‘पंधरा मिनिटांत वाढा’ म्हणू नका. उकडीचा मोदक सांगितल्यावर वळायला घेतात.

संध्याकाळी पुळणीवर बसा. गाडी मात्र रस्त्यावरच ठेवा. ओल्या वाळूत चाकं रुतली की ओढायला गावातली माणसं धावतात, आणि भरती कुणाची वाट बघत नाही. जोडीने निवांत जायचं म्हणून निघालात ना? मग एक देऊळ, एक किनारा, एक जेवण पुरे. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला वेळच उरणार नसेल, तर तेवढं पेट्रोल जाळू नये.

देवस्थान आणि ग्रामपंचायत यांना एक विनंती. प्रदक्षिणेच्या पायऱ्या सुरू होतात तिथे मोठ्या अक्षरांत रोजची वेळ लिहा: आज ओहोटी किती वाजता, वाट कधीपासून कधीपर्यंत खुली. नुसता ‘धोका’ म्हणणारा फलक लोक वाचून पुढे जातात. घड्याळातली वेळ लिहिलेली असली की थांबतात. भर उधाणाला तिथे माणूस उभा करा आणि पावसाळ्यात वाट कुलूपबंद ठेवा.

आणि वाचकहो, फलक असो वा नसो, उतरण्याआधी देवळातल्या गुरुजींना किंवा किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. तो ‘आत्ता नको’ म्हणाला, तर त्या दिवशी प्रदक्षिणा नाही.